अहिल्याबाई आणि महेश्वरचे विणकर

वस्त्रकला हा आज विद्यापीठातील एक मान्यताप्राप्त अभ्यासविषय झाला आहे. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय, १९६१ साली अहमदाबादेत स्थापन झालेली राष्ट्रीय आरेखन संस्था, बडोद्याचे सयाजीराव विद्यापीठ, आपल्या मध्य प्रदेशात भोपाळ येथे २००८ साली निघालेली फॅशन तंत्रज्ञानाची संस्था अशा अनेक ठिकाणी मुलेमुली रंग, रेषा, धागा आणि माग यांचे पद्धतशीर शिक्षण घेतात. परंतु हा विषय केवळ वर्गात बसून येणारा नव्हे. चित्र कागदावर कितीही सुबक उतरले, तरी ते मागावर चढते की नाही, हे मागापाशी बसल्यावाचून समजत नाही. म्हणून या विद्यार्थ्यांना केव्हा ना केव्हा एखाद्या विणकरांच्या गावी जावेच लागते. आपल्या इंदुराहून असे जाणे फार सोपे आहे. सुमारे नव्वद किलोमीटरवर, नर्मदेच्या उत्तर तीरावर, महेश्वर आहे. तेथे घराघरांतून मागाचा खटखटाट चालू असतो, आणि ही वस्ती येथे कोणी वसविली असे विचारले, तर लहान पोरही एकच नाव सांगते: अहिल्याबाई.

अहिल्याबाईंनी बांधलेली देवळे, घाट व धर्मशाळा आपल्या सर्वांना पाठ असतात. विणकरांची हकीकत मात्र बहुधा एका वाक्यात उरकली जाते. वस्तुतः त्यांच्या राज्यकारभाराची जात ओळखायची, तर देवळाच्या कळसाइतकेच मागाच्या खड्ड्याकडेही पाहिले पाहिजे. म्हणून त्यांचे चरित्र येथे थोडे त्या बाजूने सांगण्याचे योजिले आहे.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या गावी झाला. हे गाव जामखेड तालुक्यात आहे. ज्या जिल्ह्याला आपण पिढ्यान् पिढ्या अहमदनगर म्हणत आलो, त्याला २०२४ साली त्यांचेच नाव मिळून तो अहिल्यानगर झाला. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील होते. घराणे सुखवस्तू, पण काही मोठे सरदार नव्हे. स्वारीवरून जाताना मल्हारराव होळकरांचा मुक्काम चौंडीस पडला, देवळात ही शांत व तेजस्वी मुलगी त्यांच्या दृष्टीस पडली आणि तिला सून करून घेण्याचे त्यांनी तेथेच मनाशी ठरविले, असे सांगतात. १७३३ साली मल्हाररावांचे पुत्र खंडेराव यांच्याशी तिचे लग्न झाले. वय आठ वर्षांचे!

त्या काळी मुलींना शाळा नव्हती. अहिल्याबाईंना जी विद्या मिळाली ती सासऱ्यांच्या हाताखाली. मल्हारराव वर्षातील बहुतेक महिने स्वारीत असत. मागे राहिलेल्या कारभाराची एकेक किल्ली त्यांनी सुनेच्या हाती देण्यास सुरुवात केली. वसुलाचा हिशेब, फौजेला लागणारी रसद, दारूगोळा, घोड्यांचा दाणावैरण, पत्रव्यवहार, तंटेबखेडे ही सर्व कामे त्या पाहू लागल्या. आधी बघावयाचे, मग करावयाचे, चुकले तर पुन्हा करावयाचे, हीच तेथील शिकवणी. विणकराचे पोर बापाच्या शेजारी बसून जशी विद्या शिकते, तशीच ही झाली. पुढे कारागिरांविषयी त्यांना जी समज दिसते, तिचे मूळ मला या शिक्षणात वाटते.

दुःखांना लवकरच आरंभ झाला. १७५४ साली सूरजमल जाटाच्या कुंभेर किल्ल्याला मराठ्यांनी वेढा घातला असता तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले. अहिल्याबाई तेव्हा एकोणतीस वर्षांच्याही नव्हत्या. त्या सती जावयास निघाल्या. वृद्ध मल्हाररावांनी त्यांच्यापुढे पदर पसरावा तशी विनवणी केली, राज्याचा व आपल्या म्हातारपणाचा भार आता तिच्यावरच आहे असे सांगितले, तेव्हा त्या मागे फिरल्या. त्या दिवसापासून त्यांनी अंगावर पांढरे वस्त्र घेतले ते अखेरपर्यंत. १७६६ साली आलमपूर येथे मल्हारराव वारले. नातू मालेराव गादीवर बसला, पण एक वर्षही न लोटता, १७६७ साली, तोही गेला. पती, सासरा आणि पुत्र असे तिघे तेरा वर्षांत नाहीसे झाले.

राज्याला धनी उरला नाही असे समजून दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी एखादा मुलगा दत्तक घेण्याचा घाट घातला, आणि राघोबादादा पेशवे फौजेनिशी क्षिप्रेच्या काठी येऊन थडकले. अहिल्याबाईंनी जागोजागी पत्रे पाठवून मदत जमविली आणि स्वतः लढण्याची तयारी केली. जिंकलात तर एका विधवेला जिंकले म्हणून कीर्ती नाही, आणि हरलात तर तोंड दाखवावयास जागा नाही, अशा आशयाचा निरोप त्यांनी दादासाहेबांना पाठविल्याची आख्यायिका सर्वश्रुत आहे. राघोबादादा सांत्वनासाठी आलो असे म्हणून परत फिरले. थोरल्या माधवराव पेशव्यांनी अहिल्याबाईंच्या हाती कारभार मान्य केला. फौजेचे काम त्यांनी तुकोजी होळकर यांच्याकडे सोपविले आणि मुलकी कारभार स्वतःकडे ठेवला. ही वाटणी जवळजवळ अठ्ठावीस वर्षे टिकली.

राजधानीसाठी त्यांनी महेश्वर निवडले. इंदूर तेव्हा वाढत्या व्यापाराचे गाव होते. मल्हाररावांचा राजवाडाही तेथे उभा होता. परंतु बाईंचे मन नर्मदेकडे ओढले. महेश्वर म्हणजे पुराणांतील माहिष्मती, सहस्रार्जुनाची नगरी, असे मानतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात उत्तम सुती कापडाच्या देशांची जी नावे आली आहेत, त्यांत काशी, वंग, कलिंग यांच्या पंक्तीला महिष देशही बसला आहे, आणि तो हाच प्रदेश असे अनेक पंडित समजतात. म्हणजे सुताचा आणि या तीराचा संबंध दोन हजार वर्षांचा. तथापि अहिल्याबाई आल्या तेव्हा त्या जुन्या वैभवाची आठवणच काय ती राहिली होती. एका राजधानीला जे जे लागते, ते त्यांना नव्याने उभारावे लागले.

राजधानी म्हटली की पाथरवट, सुतार, सोनार, पुजारी, शास्त्री, सावकार आलेच. अहिल्याबाईंनी यांच्याबरोबर विणकर बोलाविले. सुरत, मांडू अशा ठिकाणांहून ही घराणी आणवून महेश्वरात वसविल्याचे परंपरा सांगते. त्यांत हिंदू होते, मुसलमानही होते, आणि आजही दोन्ही समाजांच्या घरी माग आहेत. विद्यार्थ्यांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. विणकर आपले गाव सहजासहजी सोडत नाही. त्याचा माग जमिनीतील खड्ड्यावर बसविलेला असतो. तो काही पाठीवर टाकून नेता येत नाही. सूत देणारा सावकार, रंग देणारा रंगारी, फणी बांधणारा कारागीर, कांड्या भरणारी घरची माणसे, एवढा सगळा संसार हलतो तेव्हा एक माग हलतो. आणि नव्या गावी गेल्यावर सर्वांत मोठा प्रश्न हा की, विणलेले कापड घेणार कोण? अहिल्याबाईंनी या प्रश्नाचे उत्तर आधी तयार ठेवले होते. दरबार हेच पहिले गिऱ्हाईक झाले. पाहुण्यांना, नातलगांना आणि इतर दरबारांना भेटीदाखल द्यावयाची लुगडी आणि पागोटी महेश्वरीच असावीत, असा पायंडा पडला. एकदा पुण्याच्या किंवा ग्वाल्हेरच्या वाड्यात असे लुगडे गेले की, दुसऱ्या वेळी तेथूनच मागणी यावी, हे ओघानेच आले.

पहिल्या लुगड्याचे नक्षीकाम स्वतः बाईंनी योजिले असे कित्येक जण आवर्जून सांगतात. ही गोष्ट ऐकावयास गोड आहे, परंतु मला तिची फारशी गरज वाटत नाही. ज्या राज्यकर्तीने विणकराला घर, काम आणि गिऱ्हाईक दिले, तिने नक्षी काढली काय आणि न काढली काय, तिची थोरवी तेवढीच राहते.

हे लुगडे असे असे: मूळ सुती, नऊवारी, अत्यंत तलम आणि हलके. अंगभर मोठी फुले नाहीत. बहुतेक ठिकाणी एकरंगी पोत, नाहीतर बारीक रेघा किंवा चौकडी. जुन्या प्रकारांची नावेही किती सुरेख आहेत! चंद्रकळा व बैंगणी चंद्रकळा ही साधी. चंद्रतारा, बेली आणि परबी ही रेघांची वा चौकड्यांची. रंग पाहावे तर अंगुरी, डाळिंबी, गुलबक्षी, जांभळा, तपकिरी. मराठी घरात ज्यांची नावे कोणालाही समजावून सांगावी लागत नाहीत असे. पदरावर पाच आडवे पट्टे असतात, तीन रंगीत व दोन पांढरे, एकाआड एक. आपल्यापैकी ज्यांच्या आजीच्या पेटीत असे लुगडे घडी करून ठेवलेले असेल, त्यांनी ते अवश्य उलगडून हे पट्टे मोजावेत.

परंतु महेश्वरीची खरी खूण तिच्या काठात आहे. या काठाला बुगडी म्हणतात. बहुतेक कापडांना सुलट आणि उलट अशा दोन बाजू असतात. नक्षी सुलट बाजूला उठते व उलट बाजूला सुटे धागे लोंबतात. येथे तसे नाही. काठाची वीण अशी साधलेली असते की नक्षी दोन्ही बाजूंना सारखीच उमटते, आणि लुगडे कोणत्याही बाजूने नेसता येते. यासाठी उभे धागे कोणते उचलावयाचे व कोणते दाबावयाचे याची मोजणी फार काटेकोर ठेवावी लागते. एक धागा चुकला तर चूक दोन्हीकडे दिसते. वस्त्रकलेचे विद्यार्थी चौकटीच्या कागदावर एकेक घर भरून ही मोजणी शिकतात. महेश्वरच्या जुन्या विणकरांना कागद लागत नसे; मोजणी त्यांच्या बोटांत असे.

काठावरील नक्षीची नावेही तेथेच ऐकावीत. इंट म्हणजे वीट, चटई म्हणजे चटईची वीण, हिरा, चमेलीचे फूल, आणि लहर, म्हणजे नर्मदेची लाट. यांतील पुष्कळ आकार किल्ल्याच्या भिंतींवर आणि घाटावरील देवळांत दगडात कोरलेले दिसतात, म्हणून विणकरांनी ते दगडावरून कापडावर उतरविले असे म्हणतात. याला एक छोटी पुस्ती जोडावीशी वाटते. घाटावरील सर्वच कोरीव काम बाईंच्या हयातीतले नाही; खुद्द त्यांची छत्री त्यांच्या मागेच बांधली गेली, हे उघड आहे. तेव्हा दगडाने कापडाला नक्षी दिली आणि कापडानेही दगडाला काही दिले असेल, असे मानणे अधिक सयुक्तिक. पाथरवट आणि विणकर एकाच गावात राहत होते, एकाच घाटावर स्नानाला जात होते.

माल विणला म्हणजे तो सुखरूप पोचलाही पाहिजे. माळवा व निमाड यांच्या मधल्या डोंगराळ वाटांवर त्या काळी लुटारूंचा उपद्रव मोठा होता. अहिल्याबाईंनी दंगेखोरांना कठोर शासन केले, पण भिल्लांशी केवळ तलवारीने वागल्या नाहीत. वाटेने जाणाऱ्या मालावर भिल्लकवडी नावाचा लहानसा कर घेण्याचा त्यांचा हक्क त्यांनी मान्य केला, आणि त्याबदली वाटांची राखण व चोरीला गेलेल्या मालाची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. जे वाट मारीत होते, ते वाटेचे रखवालदार झाले. व्यापारी निर्धास्तपणे येऊ लागले. याच काळात इंदूरच्या पेठाही भरभराटीस आल्या.

१८१८ च्या सुमारास माळव्यात आलेला इंग्रज अधिकारी जॉन माल्कम याने बाईंना प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांकडून माहिती गोळा केली आणि १८२३ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांची दिनचर्या आली आहे. पहाटे उठून स्नान, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, साधे शाकाहारी जेवण. दुपारी सुमारे दोनपासून सहापर्यंत उघड्या दरबारात कामकाज. पुन्हा पूजा व फराळ, आणि रात्री नऊपासून अकरापर्यंत पुन्हा कागदपत्रे. पडद्याआड बसून नव्हे, सर्वांसमक्ष त्या फिर्यादी ऐकत. काशी विश्वेश्वराच्या देवळाचा १७८० साली त्यांनी जीर्णोद्धार केला, गयेचे विष्णुपद मंदिर १७८७ साली पुरे केले, सोरटी सोमनाथापासून रामेश्वरापर्यंत त्यांचा दानधर्म पोचला. इतके दगड देशभर रचणाऱ्या बाईंचा स्वतःचा महेश्वरातील वाडा मात्र अगदी साधा, लाकडी खांबांचा आहे. पाहणाऱ्याला तो एखाद्या सुखवस्तू देशमुखाचा वाटावा.

निपुत्रिक विधवेची संपत्ती सरकारजमा करण्याची चाल तेव्हा सर्रास होती. अहिल्याबाईंनी आपल्या राज्यात ती चालू दिली नाही. विधवेने आपल्या इच्छेने दत्तक घ्यावा, धन राखावे, वाटेल त्या सत्कार्यी लावावे, असे त्यांचे धोरण होते. श्रीमंत सावकारांच्या विधवांनी आपण होऊन देऊ केलेले धनही त्यांनी खजिन्यात घेतले नाही.

इतक्या घरांना आधार देणाऱ्या बाईंचे स्वतःचे घर मात्र रितेच होत गेले. मुलगी मुक्ताबाई ही एकच उरली होती. तिचा मुलगा नथ्याबा तरुणपणीच गेला आणि त्यापाठोपाठ १७९१ साली जावई यशवंतराव फणसे वारले. मुक्ताबाईने सती जाण्याचा निश्चय केला. ज्या आर्जवाने मल्हाररावांनी एके काळी सुनेला परत फिरविले होते, त्याच आर्जवाने अहिल्याबाईंनी मुलीला विनविले. परंतु मुक्ताबाई फिरल्या नाहीत. आईला नर्मदेच्या काठी उभे राहून ते पाहावे लागले. त्यानंतर कित्येक दिवस त्यांनी अन्न घेतले नाही, कोणाशी शब्द बोलल्या नाहीत. मग उठून पुन्हा दरबारात बसल्या. १३ ऑगस्ट १७९५ रोजी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, महेश्वरातच त्यांनी देह ठेवला.

बाईंच्या मागे महेश्वराच्या मागांचे काय झाले, ही हकीकत कमी उद्बोधक नाही. १८१८ साली मंदसोरचा तह झाला व होळकरांची राजधानी इंदुरास आली. मोठे गिऱ्हाईक दूर गेले. पुढे गिरणीचे स्वस्त कापड आले. यात योगायोग असा की, खुद्द दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी एकोणिसाव्या शतकात इंदुरात सरकारी कापडगिरणी काढली आणि विसाव्या शतकात इंदूर हे गिरण्यांचे शहर म्हणून नावारूपास आले. एका होळकरांनी वसविलेल्या मागांना दुसऱ्या होळकरांच्या शहराची स्पर्धा सोसावी लागली. गिरणीमुळे हजारोंना भाकरी मिळाली हे खरे, म्हणून तिला दोष देण्यात अर्थ नाही. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि दरबारी खरेदीचा उरलासुरला आधारही गेला. नऊवारी नेसणाऱ्या स्त्रिया कमी होत चालल्या. पुष्कळ विणकरांची मुले मजुरीकडे वळली, माग मोडून त्यांची लाकडे झाली.

मधल्या काळात कापडही बदलले. उभ्या धाग्यांत रेशीम आणि आडव्यात सूत घालून केलेली गर्भरेशमी महेश्वरी लोकप्रिय झाली. मागावर सर्व ताण उभ्या धाग्यावर येतो. तलम सूत तेथे वारंवार तुटते, रेशीम मात्र तग धरते आणि कापडाला चकाकीही देते. लांबीही सहावारी झाली. काठ मात्र तोच राहिला.

१९७९ साली रिचर्ड होळकर आणि सॅली होळकर यांनी महेश्वरात रेवा सोसायटी स्थापन केली. रेवा हे नर्मदेचेच जुने नाव. थोड्याशा मागांवर त्यांनी स्त्रियांना विणकाम शिकविण्यास आरंभ केला. हा बदल लहान नव्हे. पूर्वी घरच्या बायकांनी सूत उलगडावे, कांड्या भराव्यात, ताणा लावण्यास हात द्यावा. मागावर बसावयाचे ते पुरुषांनी. आता सुना आणि लेकी धोटा चालवू लागल्या, आणि मजुरी त्यांच्या स्वतःच्या हातात पडू लागली. पुढे सॅली होळकर यांच्या पुढाकाराने महेश्वरात हातमागाची एक शाळाही निघाली. तेथे देशातील निरनिराळ्या भागांतील तरुण विणकर येतात. विणणे त्यांना घरूनच येत असते. रंगसंगती, आरेखन, हिशेब आणि गिऱ्हाइकाशी बोलणे ते येथे शिकतात. महेश्वरीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, म्हणजे दुसऱ्या ठिकाणी विणलेल्या कापडाला कायद्याने ते नाव लावता येत नाही.

इंदूरच्या जुन्या कापडगिरण्या एकामागून एक बंद पडल्या. हुकुमचंद मिलचे भोंगे १९९१ नंतर वाजले नाहीत. महेश्वरचे माग अजून चालू आहेत. १९६४ साली इंदुरात स्थापन झालेल्या विद्यापीठाला १९८८ पासून देवी अहिल्या विश्वविद्यालय असे नाव आहे. आपल्या शाळेतील ज्या मुलींना चित्रकलेची आवड आहे व पुढे काय शिकावे याचा विचार ज्या करीत आहेत, त्यांनी एखाद्या सुट्टीत महेश्वरास जावे. सकाळच्या उन्हात घाटाच्या पायऱ्या चढून वर आले की, बाईंचा वाडा लागतो आणि त्याच्या अलीकडेच, किल्ल्याच्या आत, मागांचा आवाज ऐकू येतो. दाराशी उभे राहिले तर आतल्या बाई सहसा बसावयास सांगतात. बरोबर चौकटीची वही असावी, आणि विचारल्यावाचून कापडाला हात लावू नये.